मोत्याचा अस्सल दाखला

एका जंगलात एक शेळी राहत होती. मुलांनो, शेळ्या जंगलात राहत नाहीत हे मला माहीत आहे. मध्ये बोलू नका. ही राहत होती.

तिचं नाव हौसा. तिला दोन करडं होती, ठमी आणि खंडू. नवरा गावच्या जत्रेला म्हणून गेला, तो परत आला नाही. का परत आला नाही, हे हौसाने पोरांना सांगितलं नव्हतं. मीही तुम्हाला सांगणार नाही.

करवंदीच्या जाळीत तिचं घर होतं. दाराला एक काटक्यांची ताटी होती. ती ताटी वाऱ्यालासुद्धा नीट अडवत नसे. आणि टेकडीपलीकडे एक लांडगा राहत होता.

लांडगा अधूनमधून दिवेलागणीला यायचा. ताटीबाहेर उभा राहायचा आणि अगदी आपुलकीने विचारायचा, "हौसे, पोरं मोठी झाली का गं?"

"न्हाई अजून," हौसा आतून सांगायची.

"बरं बरं. काही घाई नाही," असं म्हणून तो जायचा.

मग हौसा उठून ताटीला आणखी एक काटकी खोचायची. पोरं मोठी होत होती. दर खेपेला ती थोडी खोटं बोलत होती, आणि खंडूचा आवाज तर आता फुटायला लागला होता. शेवटी तिने ठरवलं, राखणीला कुत्रं आणायचं.

आता त्या जंगलात कुत्रं आणणं ही सोपी गोष्ट राहिली नव्हती. कुत्रं पाळायची टूम निघाली होती. साधं कुत्रं नाही, शुद्ध जातीचं. शुद्ध जातीचं म्हणजे काय? तर ज्याच्याबरोबर कागद मिळतो ते. नीलगायवहिनींकडे असं एक कुत्रं होतं, बादशहा. त्याचे कान लांब होते आणि शेपूट कापसाच्या बोंडाएवढं. तो पाला खायचा आणि उड्या मारत चालायचा. त्याला भुंकताना कुणी ऐकलं नव्हतं.

"खास जात आहे," वहिनी सांगायच्या. "पूर्ण शाकाहारी. आठ पिढ्यांचा कागद आहे आमच्याकडे."

कागद आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? सगळे बादशहाला कुत्रं म्हणायचे. बादशहाचे सख्खे भाऊ शेजारच्या बिळात राहायचे, तेसुद्धा म्हणायचे.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या जंगलात वाचता कुणालाच येत नव्हतं. म्हणूनच तिथे कागदाला फार मान होता. कुणी कागद पुढे केला की समोरच्याने तो हातात घ्यायचा, कपाळाला आठ्या घालायच्या, थोडा वेळ थांबायचं आणि "हं, बरोबर आहे" म्हणून परत द्यायचा. अशी तिथली रीत होती. मला वाचता येत नाही, असं तिथे कुणी कधी म्हटलं नव्हतं. इतकी लाज कुणाच्याच अंगात नव्हती, किंवा सगळ्यांच्याच होती.

हौसा आधी अण्णा कासवांकडे गेली. पिल्लू कसं निवडावं हे अण्णांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वतःसाठी पिल्लू घ्यायचं म्हणून ते तरुणपणापासून चौकशी करत होते. चौकशी सुरू केली तेव्हाची पिल्लं म्हातारी होऊन वारली होती. अण्णांची चौकशी चालू होती.

"हे बघ हौसा," अण्णा मान बाहेर काढून म्हणाले, "पिल्लाचे आईबाप पाहिल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. विकणारा आपल्यालाच उलटे प्रश्न विचारत नसेल, तर तो विकणारा खरा नव्हे. पिल्लू परत घेण्याची अट असायला हवी. आणि नोंदणी कुणाकडची आहे ते बघायचं. आजकाल कुणीही उठतो आणि संस्था काढतो."

"आन् समदं पटलं तर, अण्णा?"

"तर आणखी चौकशी करायची."

हौसा ओढ्याकडे गेली. तिथे भुरी नावाची कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. एक काळं, एक तांबडं, एकाच्या एकाच डोळ्याभोवती ठिपका.

"ये बाई, बस," भुरी म्हणाली. "राखणीला पायजे व्हय? घरात ल्हान पोरं हायती? तू दिसभर घरी असतीस का चरायला जातीस? ताटी हाय का दार?"

हौसाने सगळं सांगितलं. मग विचारलं, "ह्यांचे आईबाप?"

"आई मी. बाप कोण ते नक्की सांगता यायचं न्हाई. पर भुंकत्यात झकास." एक पिल्लू लगेच हौसाच्या खुरावर भुंकलं. "ने तू. न्हाई जमलं तर माघारी आणून सोड. माझंच लेकरू हाय."

हौसाला ते ठिपक्याचं पिल्लू फार आवडलं. अण्णांनी सांगितलेलं सगळं इथे होतं. तिने पिल्लू उचलून चाटलंसुद्धा.

"आन् कागद?" तिने विचारलं.

"कसला कागद?"

हौसाने पिल्लू खाली ठेवलं. उद्या नीलगायवहिनी विचारतील, किती पिढ्यांचं? तेव्हा काय सांगायचं, एक येऊन गेला म्हणून? आणि लांडगा तरी बिनकागदाच्या कुत्र्याला कशाला भ्यायचा? "चौकशी करून येते," असं म्हणून ती निघाली. भुरीला याची सवय होती.

खंडूला बरोबर घेऊन हौसा जुन्या वडाखाली आली. तिथे दोन कचेऱ्या होत्या. एका बाजूला 'अखिल जंगल अस्सल श्वान नोंदणी महासंघ'. दुसऱ्या बाजूला 'अस्सल अखिल जंगल श्वान नोंदणी महासंघ'. पहिल्याचा सचिव कोल्हा, दुसऱ्याचा तरस. पूर्वी दोघे एकाच महासंघात होते. मग अस्सल कोण यावरून भांडण झालं आणि वडाचे दोन भाग झाले. शिक्का मात्र एकच होता. रताळं कापून केलेला. तो सकाळी कोल्ह्याकडे असायचा, दुपारी तरसाकडे.

"त्या तरसाकडे गेला नाहीत ते बरं केलंत, हौसाताई," कोल्हा म्हणाला. "तो कुणालाही दाखला देतो. परवा एका मांजराला दिला."

"आन् मांजर काय म्हनलं?"

"भुंकायचा प्रयत्न करतंय बिचारं."

कोल्ह्याला वाचता येत नव्हतं, पण त्याच्याकडे चष्मा होता. त्याने आतून एक पिल्लू आणलं. करड्या रंगाचं, पिवळ्या डोळ्यांचं, मोठाल्या पंजांचं. ते हलेना, बोलेना. ते नदीकाठी एकटंच रडत सापडलं होतं, हे कोल्ह्याने सांगितलं नाही. हौसाने तसं विचारलंही नाही. तिने अण्णांचे प्रश्न विचारले.

"ह्याची आई बघायची हाय."

"माहेरी गेलीय."

"बाप?"

"स्पर्धेला. तीन स्पर्धा जिंकलाय, चौथीला गेलाय. अशा घराण्यातले बाप घरी सापडत नसतात, ताई. घरी सापडला तर समजायचं, काहीतरी गडबड आहे."

हे हौसाला पटलं. "शेपूट का हलवत न्हाई?"

"खानदानी आहे. शेपूट हलवणं त्यांच्यात कमीपणाचं समजतात."

"आन् भुंकत का न्हाई?"

"संयम."

पिल्लू एकटक खंडूकडे बघत होतं. त्याच्या तोंडातून लाळेची एक तार खाली आली.

"हे माझ्या पोराकडं असं का बघतंय?"

"माया, ताई. पहिल्या नजरेत. तुम्हाला सांगतो, हे फार कमी कुत्र्यांत असतं."

मग कोल्ह्याने उलटे प्रश्नही विचारले, कारण चांगला विकणारा विचारतो हे त्यालाही ऐकून माहीत होतं. त्याने विचारलं, "दूध किती देता?" हौसाने सांगितलं. पिल्लासाठी दूध ठरलं, नोंदणीसाठी वेगळं दूध, शिक्क्यासाठी वेगळं, आणि शिक्का वाळेपर्यंत तिष्ठत बसावं लागतं त्याचं वेगळं. परत घेण्याची अटही होती. पिल्लू कधीही परत करता येणार होतं, फक्त सोबत आईबापांना आणायचं.

कोल्ह्याने कागदावर काही रेघोट्या मारल्या, रताळं दाबलं, चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "नाव, वीरसेन वाघदरेकर दुसरे. पिता, रणधीर वाघदरेकर, तीन स्पर्धांचे विजेते. माता, राजलक्ष्मी. जात, अतिशुद्ध."

हौसाचे डोळे भरून आले. तिच्या घरात आजवर इतकं लांब नाव कुणाचंच नव्हतं.

घरी पोरांनी त्याचं नाव मोत्या ठेवलं.

पहिल्याच संध्याकाळी मोत्याने खंडूचा कान तोंडात धरला. खेळता खेळता नव्हे. अगदी मन लावून धरला. खंडू ओरडला. हौसा धावत आली आणि थबकली. तिने पाहिले ते दात तिच्या ओळखीचे होते. टेकडीपलीकडून येणाऱ्याचेही असेच होते.

क्षणभर तिला वाटलं, पोरं घेऊन पळावं. पण पळणार कुठे? तिने भिंतीवरचा कागद काढला, मोत्यासमोर धरला आणि आठ्या घालून वाचायला लागली.

"हे बघ. हितं काय लिवलंय? 'ल्हान पोरांवर लई माया.' आन् हे काय? 'कान चावत न्हाई.' तुझ्याच दाखल्यावर लिवलंय, मोत्या. तू वाघदरेकर ना? मग?"

मोत्याने कागदाकडे पाहिलं. त्यावर इतक्या रेघोट्या होत्या की त्यात कानाचा उल्लेख कुठेतरी असणारच. तो ओशाळला. त्याने कान सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा शेपूट थोडंसं हलवलं.

त्या दिवसापासून हौसाला दाखला वाचायची सवय लागली. मोत्याने ठमीची शिंगं चाखून पाहिली, की दाखल्यावर शिंगांविषयी निघायचं. मोत्या रात्री चंद्राकडे तोंड करून रडायला लागला, की दाखल्यावर निघायचं, "चंद्राशी ह्याचं काय बी देणंघेणं न्हाई." जेवणाच्या वेळी निघायचं, "ताक-भाकर आवडीनं खातो." ते ऐकून मोत्या डोळे मिटायचा आणि आवडीने खायचा. शेळीच्या घरी भाकर कुठून आली, असं कुणीतरी विचारतंय मागून. गप्प बस.

भुंकायला मात्र शिकवावं लागलं. "भुंकणं खणखणीत" असं हौसाने वाचून तर दाखवलं, पण तिला स्वतःला एकच आवाज काढता येत होता. तोच तिने शिकवला. मोत्या मन लावून शिकला. "भ्यॅऽऽभू," तो दारात उभा राहून म्हणायचा. पोरं टाळ्या वाजवायची.

पाहायला सगळं जंगल येऊन गेलं. अण्णा कासवांनी कागद उलटा धरून बराच वेळ वाचला, मोत्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला आणि म्हणाले, "कागद चोख आहे." मग ते आले होते त्यापेक्षा थोडे भराभर परत गेले. नीलगायवहिनी म्हणाल्या, "हाडापेराने थोराड आहे नाही? आमचा बादशहा नाजूक." बादशहा तेव्हा वहिनींच्या पोटाखाली लपला होता.

फक्त भुरी म्हणाली, "बाई, हा लांडगा हाय."

"तुझ्याकडं कागद न्हाई म्हणून जळतीस," हौसा म्हणाली.

"जळू दे माझं. पोरं सांभाळ."

भुरी गेल्यावर हौसा दारात बसून राहिली. आत ठमी मोत्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपली होती. खंडू त्याच्या शेपटीशी खेळत होता. मोत्या खंडूच्या कानाकडे बघत होता आणि दर वेळी मान दुसरीकडे फिरवत होता. हौसाला सगळं कळत होतं. पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. तिला त्याची भीती वाटत होती आणि तिचा त्याच्यावर जीव जडला होता, दोन्ही एकदम. मुलांनो, असं होतं. मोठे झालात की कळेल.

आणि मग एका दिवेलागणीला लांडगा आला.

"हौसे, पोरं मोठी झाली का गं?"

"भ्यॅऽऽभू!" मोत्या ताटीतून बाहेर आला.

लांडगा हसायला लागला. हसता हसता त्याने हवेचा वास घेतला आणि एकदम थांबला. तो जवळ आला. मोत्याच्या मानेचा वास घेतला, कानामागचा घेतला.

"अरे!" लांडगा म्हणाला. त्याचा आवाजच बदलला. "अरे माझ्या धाकट्या! नदीला पूर आला तेव्हा हरवलास तू. तुझ्या आईने किती शोधलं! बाळा, मी तुझा बाप. ओळखलं नाहीस? तू लांडगा आहेस."

आत हौसा कोपऱ्यात सरकली. दोन्ही पोरांना तिने पोटाखाली ओढलं.

"किती वाळलास रे," लांडगा म्हणाला. "काय खायला घालते ही? चल, आत दोन कोवळी करडं आहेत. मोठं तू घे. आज तुझा मान."

मोत्याने बापाकडे पाहिलं. तेच डोळे, तेच पंजे. मग त्याने वळून हौसाकडे पाहिलं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

मोत्या आत आला. खंडूच्या अंगावरून पलीकडे गेला. त्याने भिंतीवरचा दाखला दातात धरला आणि बाहेर नेऊन लांडग्यापुढे ठेवला.

"माझ्या वडिलांचं नाव रणधीर वाघदरेकर आहे," तो म्हणाला. "तीन स्पर्धांचे विजेते. तुमचं नाव काय?"

"माझं? लांडगा."

"नुसतं लांडगा? आणि स्पर्धा?"

"कसल्या स्पर्धा? अरे, माझ्याकडे बघ! तुझ्याकडे बघ! दिसत नाही का?"

"दिसण्यावर काय असतं?" मोत्या म्हणाला. "नीलगायवहिनींचा बादशहा कसा दिसतो?"

आवाज ऐकून एव्हाना जंगल गोळा झालं होतं. सगळे झाडांमागून बघत होते. बादशहाचा विषय निघाल्यावर नीलगायवहिनींनी घसा खाकरला.

"हे सगळं दाखल्यावर लिहिलंय," मोत्या म्हणाला. "तुम्हीच वाचा ना."

लांडग्याने कागद उचलला. सगळं जंगल त्याच्याकडे पाहत होतं. आख्खं जंगल ज्याला थरथर कापत होतं, तो लांडगा. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. कागद जवळ धरला, लांब धरला. वडिलांनी त्याला शिकार शिकवली होती. माग काढायला शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं. मला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर लेकरू परत मिळालं असतं आणि वर दोन करडं. पण इतक्या लोकांसमोर कसं म्हणणार?

"वाचलं का?" मोत्याने विचारलं.

"वाचलं."

"काय लिहिलंय?"

लांडग्याने कागद परत दिला. "तू म्हणतोस तेच," तो हळूच म्हणाला. "हं. बरोबर आहे."

"आणि तुमचा दाखला कुठे आहे?" गर्दीतून अण्णा कासवांनी विचारलं. "लांडगा असल्याचा?"

लांडग्याने स्वतःच्या पंजांकडे पाहिलं.

"बिनकागदाचा?" नीलगायवहिनी म्हणाल्या. "शी! आणि याला आपण इतकी वर्षं घाबरत होतो?"

लांडगा मान खाली घालून गेला. जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कोल्ह्याच्या कचेरीत दाखला काढायला गेला. कोल्ह्याने नियम सांगितला. लांडगा असल्याच्या दाखल्यासाठी त्याने खाल्लेल्या दोघांची साक्ष लागेल. समक्ष.

"ते आता कुठून आणू?"

"मग अवघड आहे. माझ्याकडे तसेही कुत्र्याचेच दाखले आहेत. देऊ का एक?"

बिनकागदाचं राहण्यापेक्षा बरं म्हणून लांडग्याने तो घेतला. संध्याकाळच्या आत त्याला गिऱ्हाईकही मिळालं. अण्णा कासवांना अखेर मनासारखं कुत्रं सापडलं. बापाला बघायला मिळत नव्हतं, पण मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आता लांडगा तळ्याकाठी बसून अण्णांची राखण करतो. अण्णांना कुणी खाऊ शकत नाही, त्यामुळे काम हलकं आहे. अण्णा त्याला रोज दाखला वाचून दाखवतात. त्यांचं वाचन सावकाश असतं.

त्या रात्री, म्हणजे लांडगा मान खाली घालून गेला त्या रात्री, मोत्या हौसाच्या शेजारी येऊन पडला.

"आई, त्यांनी खरंच वाचलं?"

"वाचलं की. समद्यांच्या समोर."

"म्हणजे मी लांडगा नाही."

"न्हाई रं, माझ्या राजा."

मोत्याने तोंड पंजांवर ठेवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पण कधी कधी मला खंडूचा कान..."

हौसाने अंधारात चाचपडून दाखला काढला. अंधारात काही दिसत नव्हतं. त्याने तिचं काही अडत नव्हतं. तिने आठ्या घातल्या.

"हे बघ, पार तळाला लिवलंय," ती म्हणाली. "'कधी कधी लई वाटतं. पर चावत न्हाई.'"

मोत्याने सुटकेचा श्वास टाकला आणि झोपी गेला.

तात्पर्य: पिल्लू घेताना दाखला नीट पारखून घ्यावा आणि खरा निघाला तर परत करावा. खऱ्या दाखल्यावर जे असतं तेवढंच असतं, त्यात नंतर काही वाचता येत नाही. आणि मुलांनो, वाचायला शिकायची घाई करू नका. त्या जंगलात एकालाही वाचता येत असतं, तर आज ठमी आणि खंडू नसते.